पेजेच्या वाटीबरोबर प्रार्थनेचं कार्ड द्यायचं का?

नगरकरीण_वास्को:

सगळ्यांना नमस्कार. दोन वर्षं इथे नुसती वाचते आहे. आज लिहायला बसले, कारण घरात तीन दिवस अबोला आहे आणि त्याला कारण आहे एक कार्ड. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं.

आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर काहीच कळणार नाही.

मी मूळची नगरची. पणजोबांच्या काळात आमचं घर ख्रिस्ती झालं, अमेरिकन मराठी मिशनमध्ये. आता माहेर सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. नवरा रांचीकडचा, गोस्नर ल्यूथरन मंडळीतला, म्हणजे मार्टिन ल्यूथरला मानणाऱ्या प्रोटेस्टंट चर्चमधला. त्याची नोकरी बंदराच्या कामाची, म्हणून वास्को. एकोणीस वर्षं झाली. गोव्यात मी ख्रिस्ती म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "पॅरिश खंयची?" ल्यूथरन म्हटलं की पुढचा प्रश्न, "म्हणजे बिलिव्हर्स काय?" (नव्या प्रार्थनागटांतल्या ख्रिस्ती लोकांना इथे असं म्हणतात.) तर नाही बाबा. आमच्याकडे वेदी आहे, मेणबत्त्या आहेत, वधस्तंभ आहे, छापील उपासनाक्रम आहे, तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा आहे. पोप नाही, आणि पाळकाला बायकामुलं असतात. शेजारच्या कॅथलिक काकूंना एवढं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग फरक तो काय?" त्यावर मी चहा टाकते.

आमची मंडळी लहान आहे. बावीस घरं आणि पस्तीस-चाळीस एकटी मुलं, बहुतेक सिमडेगा, गुमला, खुंटी, सुंदरगढकडची. कोणी हॉटेलात, कोणी बांधकामावर, कोणी सिक्युरिटीत, चार-पाच जण ट्रॉलरवर. भाड्याच्या एका हॉलमध्ये उपासना होते, रविवारी दुपारी साडेतीनला. ही वेळ ऐकून सगळे हसतात, पण हॉटेलातल्या मुलांची शिफ्ट दुपारी तीनला सुटते आणि सहाला परत लागते. त्या तीन तासांत देवाला बसवावं लागतं. पाळक महिन्यातून एकदा बाहेरगावाहून येतात, एरवी आमच्यातलाच कोणीतरी उपदेश वाचून दाखवतो. गीतं हिंदीत आणि सादरीत, म्हणजे झारखंडकडच्या बोलीत. महिन्यातून एकदा शास्त्रवाचन मराठीत, ते मी करते. एकमेकांना भेटलो की "यीशु सहाय". मी मात्र सवयीने अजून "जय ख्रिस्त" म्हणते आणि मुलं हसतात.

आता मूळ गोष्ट. झारखंडकडच्या घरांत मुठीची पद्धत आहे. भात टाकताना बाई एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकते. रविवारी तो डबा मंडळीत यायचा. आमच्याकडे हे तांदूळ आधी विकून पैसे अर्पणात जमा व्हायचे. पावणेदोन वर्षांपूर्वी महिला मंडळाने ठरवलं की विकायचे नाहीत, शिजवायचे. दर शनिवारी सकाळी एका सरकारी इस्पितळाच्या फाटकाबाहेर रुग्णांच्या नातेवाइकांना पेज द्यायची.

पहिल्या शनिवारी काय झालं ते ऐका. बावीस घरांचे तांदूळ एकाच टोपात ओतले. त्यात रेशनचे होते, कोलम होते, गोव्यात रुळलेल्या घरांचे उकडे होते, एका घराने तर चक्क बासमतीची कणी दिलेली. उकडे शिजेपर्यंत कोलमची खळ झाली, बासमती कुठे गेली ते कळलंच नाही. खाली करपलं, मध्ये कच्चं, वर पांढरं पाणी. आम्ही सहा बायका त्या टोपाभोवती उभ्या होतो आणि कोणालाच हसायचं की रडायचं ते सुचेना. तेव्हापासून दोन पिंपं. एकात फक्त उकडे, दुसऱ्यात बाकी सगळे. दुसऱ्या पिंपातले तांदूळ गल्लीतला पोसरकार (किराणावाला) बदलून उकडे देतो. किलोला किलो नाही देत, पण देतो. आठवड्याला एकूण बारा-तेरा किलो जमतात. त्यातले सहा-सात शनिवारी लागतात, ऐंशीच्या आसपास वाट्या होतात. बरोबर खोबऱ्याची चटणी. हॉटेलातली दोन मुलं शुक्रवारी रात्री साडेअकराला काम सुटल्यावर येऊन आदोळीवर नारळ खवून देतात, आणि खवताना हॉटेलातल्या शेफला शिव्या घालतात. तेवढ्यापुरतं आम्ही कान बंद ठेवतो.

मी खजिनदार आहे. खर्च सगळा वहीत लिहिते: गॅस, नारळ, मीठ, रिक्षा.

आता गेल्या महिन्यात आमच्या एका सभासदाच्या ओळखीतले एक गृहस्थ, परगावचे, आमचं काम बघायला आले. चांगला माणूस वाटला. म्हणाला, चाळीस हजार रुपये देतो, मोठी शेगडी देतो, आठवड्यातून तीन दिवस करा. फक्त एक करा, प्रत्येक वाटीबरोबर एक कार्ड द्या. नमुना पाठवला. पुढे शास्त्रातलं एक वचन, मागे "शांती हवी आहे का?" आणि आमच्या उपासनेची वेळ, फोन नंबर.

कमिटीत सात जण. पाच कार्डाच्या बाजूने, दोन विरुद्ध. विरुद्ध मी आणि ट्रॉलरवरचा एक मुलगा. नवरा बाजूने. त्याचं म्हणणं साधं आहे: "आपण येशूच्या नावाने देतो, मग नाव का लपवायचं? लाज वाटते का?" मला लाज वाटत नाही. पण कार्ड घ्यायला लावलं की ती पेज राहत नाही असं मला वाटतं, आणि हे मला नीट मांडता येत नाही. शिवाय गेल्या शनिवारी एक माणूस मोबाइलवर आमचं शूटिंग करत होता. तो कशासाठी करत होता देव जाणे.

अंतिम निर्णय आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी. तुम्ही कोणत्याही धर्माचे असा, असं अन्नदान करत असाल तर सांगा. आणि कार्डाचं काय करू?

दाबोळकर:

ताई, आधी पेजेबद्दल बोलतो, मग कार्डाबद्दल.

उकडे वेगळे काढले ते उत्तम केलंत. पेज रात्री करून ठेवू नका, पहाटेच करा, आणि चटणीत दही घालत असाल तर बंद करा. आमच्याकडे एकदा ताक वाटलं होतं उन्हाळ्यात, पुढचं सांगत नाही. दुसरं, इस्पितळाच्या प्रमुखांना अर्ज देऊन लेखी परवानगी घ्या. तोंडी परवानगी फाटकावरचा वॉचमन बदलला की संपते. तिसरं, एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी. लोकांना वाटतं फुकट वाटतो म्हणजे लागत नाही. कायद्यात नफ्यासाठी असो की नसो, दोन्ही धरलंय. बेसिक नोंदणी ऑनलाइन होते, फी किरकोळ.

आता कार्ड. मी वास्कोचाच. आमच्या दामोदर भजनी सप्ताहाची गोष्ट तुम्ही एवढी वर्षं इथे राहून ऐकली असणारच. सव्वाशे वर्षांपूर्वी वास्कोत प्लेग आला, लोक जांबावलीच्या दामोदराकडे गेले, नारळ आणला आणि चोवीस तास भजन केलं. तेव्हापासून दर श्रावणात. त्या दिवसांत कितीतरी लोक प्रसाद घेतात. कोण कुठल्या धर्माचा, कोण विचारत नाही. पण खरं सांगू? पाण्याच्या बाटल्या वाटणाऱ्याचा फलक बाटल्यांपेक्षा मोठा असतो. नगरसेवकाचा फोटो देवापेक्षा मोठा असतो. तेव्हा कार्डाचा मोह फक्त तुम्हालाच आहे असं समजू नका.

माझं मत, नको. गोव्यात सध्या वातावरण कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. शूटिंग करणाऱ्याला ते कार्ड म्हणजे आयतं घबाड.

कुळागर_फोंडा:

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. कार्ड नाही दिलं म्हणून हेतू बदलतो का? आज पेज, उद्या प्रार्थनेला या, परवा बाप्तिस्मा. आमच्या फोंड्यातली देवळं का आणि कुठून इथे आली ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. १५६० ते १८१२ इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, होतं या भूमीत. आमच्या देवांनी नदी ओलांडली ती हौसेने नाही.

नगरकरीण_वास्को:

राग नाही. उलट कोणीतरी हे तोंडावर बोललं ते बरं.

फोंड्याच्या देवळांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, त्यावर मी काय बोलणार? फक्त एक गंमत सांगते. पोर्तुगाल-स्पेनच्या त्या इन्क्विझिशनमध्ये "ल्यूथरन" हा आरोप होता. म्हणजे आम्ही तेव्हा इथे असतो तर तुमच्याच रांगेत उभे असतो, कदाचित तुमच्या पुढे.

हेतूबद्दल. नवऱ्याकडून ऐकलेलं सांगते. बर्लिनच्या गोस्नरने पाठवलेले चार मिशनरी २ नोव्हेंबर १८४५ ला रांचीला पोचले. उरांव आदिवासींमधले पहिले बाप्तिस्मे झाले जून १८५० मध्ये, चार माणसांचे. मधली साडेचार वर्षं कोणी फिरकलं नाही. पुढे लोक आले, पुष्कळ आले, आणि सगळे काही देवासाठी आले नाहीत. जमीनदारांशी जमिनीचे खटले चालू होते, मिशन पाठीशी उभं राहील या आशेनेही आले. नवरा हे लपवत नाही, उलट हसत सांगतो. "माझा खापरपणजोबा वकील शोधत आला आणि बायबल घेऊन गेला." पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनऱ्यांना सरकारने इथून काढलं, तेव्हा बाहेरचं कोणी उरलं नाही, आणि १० जुलै १९१९ ला तिथल्या लोकांनी मंडळी स्वतःच्या हातात घेतली. आधार काढून घेतल्यावरही ती राहिली.

तेव्हा हेतू मिसळलेले असतात हे मी मान्य करते. आमच्या टोपातल्या तांदळासारखे. म्हणूनच कार्ड नको म्हणते आहे ना.

पांढुर्णा_ते_पणजी:

ताई, जय ख्रिस्त! या मंचावर दुसरा ल्यूथरन सापडेल असं वाटलं नव्हतं. मी पांढुर्ण्याचा, मराठी घरचा. आमची मंडळी छिंदवाड्याची, स्वीडिश मिशनऱ्यांनी उभी केलेली. आजीचं ऑपरेशन बैतूल जिल्ह्यातल्या पाढरच्या हॉस्पिटलात झालं, तेही आमच्याच चर्चचं. शेजारच्या खाटेवर गोंड बाई होती, पलीकडे मुसलमान. तिघींना सारखीच सुई आणि सारखाच ओरडा.

तुम्हाला नीट मांडता येत नाही म्हणालात, मी प्रयत्न करतो. नवऱ्याला दाखवा. भांडण वाढलं तर माझं नाव सांगू नका.

आपण दर ३१ ऑक्टोबरला धर्मसुधारणा दिन पाळतो. १५१७ साली ल्यूथरने विटेनबर्गला पंचाण्णव मुद्दे काढले ते कशावरून? पापक्षमापत्रांच्या विक्रीवरून. पैसे टाका, कागद घ्या. त्या पंचाण्णवांतला ४३वा मुद्दा काढून बघा. गरिबाला देणारा किंवा अडल्याला उसनं देणारा हा क्षमापत्र विकत घेणाऱ्यापेक्षा चांगलं काम करतो, असं ख्रिस्ती माणसाला शिकवावं, असं तिथे आहे. ४५वा त्याहून कडक. गरजू दिसला तरी त्याला ओलांडून जो क्षमापत्रावर पैसे घालतो, तो क्षमा नव्हे, देवाचा कोप विकत घेतो. तेव्हा कागदाच्या बदल्यात काहीतरी देणं-घेणं हे आपल्याला जन्मापासूनच जमत नाही. तुमच्या पाहुण्यांनी व्यवहार फक्त उलटा केलाय. पेज घ्या, कागद घ्या.

आणि मुळात आपली शिकवण काय? तारण कृपेने, विश्वासाने. सत्कर्म करून देवाच्या वहीत जमा काही पडत नाही. म्हणजे आपण पेज वाटतो ती ना आपल्या पुण्यासाठी, ना मंडळीची संख्या वाढवायला. ती समोरच्याला भूक लागली आहे म्हणून. दुसरं कारणच शिल्लक ठेवलेलं नाही. मला तर हे फार मोकळं वाटतं.

तुम्ही खजिनदार म्हणून आणखी एक. १५२३ मध्ये जर्मनीतल्या लाइसनिग नावाच्या गावाने सामाईक पेटीची नियमावली केली, ल्यूथरने तिला प्रस्तावना लिहिली. गावचे गरीब, अनाथ, म्हातारे, शिवाय पाळक आणि शाळा, सगळ्यांचा खर्च त्या पेटीतून. पेटीला चार कुलुपं. एक किल्ली उमरावांकडे, एक नगरपरिषदेकडे, एक शहरातल्या लोकांकडे, एक खेड्यातल्या शेतकऱ्यांकडे. चौघं जमल्याशिवाय पेटी उघडत नाही. दहा विश्वस्त निवडून द्यायचे आणि हिशेब गावासमोर वाचायचा. तुमच्याकडे आलेले चाळीस हजार अशा पेटीत पडले असते, तर देणाऱ्याला वेगळी अट घालायला जागाच राहिली नसती. त्याचा पैसा आत गेला की सगळ्यांचा.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने. लपवू नका. टोपावर मंडळीचं नाव रंगवा. विचारलं तर सांगा.

वसईची_मडगावात:

मी कॅथलिक, वसईची, लग्नानंतर मडगावजवळ. आमच्या चर्चमध्ये सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी आहे. पॅरिसला १८३३ मध्ये विद्यार्थ्यांनी सुरू केलेली, आता जगभर. आमची पद्धत अशी की दोघांनी मिळून घरी जायचं, कोणाकडे गेलो ते बाहेर सांगायचं नाही. सभेत पिशवी फिरते, कोणी किती टाकले कळत नाही. फोटो अजिबात नाही. मागे एका तरुण सभासदाने किराणा देतानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. त्या घरची मुलगी कॉलेजात होती. ती परत कधी आमच्या समोर आली नाही, आणि किराणाही नको म्हणून सांगितलं. एवढंच लिहिते.

कामाची गोष्ट: इस्पितळात सिंधुदुर्गातून, कारवारकडून लोक येतात. त्यांना पेजेइतकीच गरज असते ती फोन चार्ज करायला जागेची आणि कुठल्या खिडकीवर जायचं हे सांगणाऱ्याची. मराठी, कन्नड, हिंदी येणारी दोन माणसं टोपाशेजारी उभी करा. त्यांना कार्ड नको, पेन द्या. फॉर्म भरायला पेन कोणाकडेच नसतं.

कुळागर_फोंडा:

पेनाची सूचना चांगली आहे. माझ्या वडिलांच्या वेळी मी तासभर पेन शोधत फिरलो होतो.

नगरकरीण_वास्को:

सगळ्यांचे आभार. मध्ये दोन शनिवार गेले, म्हणून उशीर.

४३वा मुद्दा नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "मला माहीत आहे, मी कन्फर्मेशनच्या वर्गात पाठ केलाय." मग गप्प झाला. वाद जिंकल्यासारखं वाटलं, पण अबोला दोन दिवस वाढला.

त्याच आठवड्यात एक प्रसंग घडला, तो सांगते. शनिवारी दोडामार्गकडचा एक म्हातारा आला. डोक्यावर पांढरी टोपी, हातात रिकामी पिशवी, सून आत दाखल. वाटी पुढे केली तर म्हणाला, "किती?" म्हटलं, काही नाही, घ्या. त्याने वाटी खाली ठेवली. "फुकट नको. आमची सवय नाही." मी म्हटलं, काका, थंड होईल. तो हलेना. मागे रांग. शेवटी तोच म्हणाला, "तो टोप कोण घासतो?" म्हटलं, आम्हीच, घरी नेऊन. "मग मी घासतो." आणि खरंच, आधी दोन वाट्या पेज प्यायला, चटणी मागून घेतली, मग रांग संपेपर्यंत भिंतीला टेकून थांबला. नंतर नळावर बसून तो टोप नारळाच्या शेंडीने असा घासला की बाहेरचा काळा थर गेला. तो थर आम्ही वर्षभर तसाच ठेवला होता. घासता घासता विचारलं, "तुम्ही कोण लोक?" म्हटलं, ल्यूथरन. "ते कोण?" म्हटलं, ख्रिस्ती. "बरं," म्हणाला, आणि कडा घासायला लागला.

मी हे घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्या माणसाला फुकट पेज घेणं जड गेलं, त्याने स्वतःची किंमत स्वतः ठरवली आणि चुकती केली. त्याच्या हातात कार्ड दिलं असतं तर ती आम्ही ठरवलेली किंमत झाली असती. माझ्या डोक्यात जे होतं ते एवढंच होतं, पण मला ते तो टोप चमकल्यावर कळलं. नवरा काही बोलला नाही. रात्री उठून टोप बघून आला मात्र.

आगमनकाळाचा पहिला रविवार. आमच्या मुलांनी सायकलच्या जुन्या रिमला सुरूच्या फांद्या बांधून मेणबत्त्यांचं चक्र केलं होतं. (हे चक्र मुळात १८३९ मध्ये हॅम्बुर्गच्या विखर्न नावाच्या पाळकाने गरीब मुलांच्या वसतिगृहात गाडीच्या चाकावर केलं. नाताळ कधी, नाताळ कधी म्हणून मुलं रोज विचारत, म्हणून. आमच्याकडे चाक सायकलचं, मेणबत्त्या चारच.) पहिली मेणबत्ती लावली, उपासना झाली, मग कमिटी बसली. पाळकही आले होते. त्यांनी दोन्हीकडचं ऐकलं आणि दोन्हीकडचं बरोबर आहे असं म्हणाले, त्यांची ही सवय आहे. मतदान झालं. चार विरुद्ध, तीन बाजूने. कार्ड नाही. फिरलेली दोन मतं कोणाची ते विचारलं नाही, पण नवऱ्याने हात कार्डाच्या बाजूनेच वर केला, हे मी पाहिलं. तत्त्वाचा माणूस.

टोपावर मात्र नाव रंगवलंय. "ल्यूथरन मंडळी, वास्को." लाल ऑइलपेंट, त्यात "ल्यू"चा उकार राहिला, आता ते "ल्यथरन" आहे. पुढच्या शनिवारी दुरुस्त करू.

परगावच्या गृहस्थांना पत्र लिहून कळवलं. म्हटलं, पेटीत टाकायचे तर आनंदाने टाका. उत्तर नाही आलेलं. शेगडीचं बघू. दाबोळकर, लेखी परवानगीचा अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. पेनं वीस आणली, पहिल्याच शनिवारी तेरा गेली, सात परत आली.

आणि लाइसनिगची पेटी! ती कल्पना मुलांना फार आवडली. चार कुलुपं परवडली नाहीत, दोन लावली, पत्र्याच्या पेटीला. एक किल्ली माझ्याकडे. दुसरी एकट्या मुलांपैकी एकाकडे, म्हणजे घरवाले आणि बिनघरवाले दोघं जमल्याशिवाय उघडायची नाही. हॉटेलवाल्यांपैकी कोणाला दिली असती, पण त्यांना डिसेंबरात श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणून बांधकामावरच्या एका मुलाला दिली. त्याचं काम संपलं आणि परवा तो जसीडीहच्या गाडीने नाताळला गावी गेला. किल्ली खिशात. गाडीतून फोन केला, "दीदी, एक गलती हो गया."

पेटीत सहा हजार दोनशे रुपये आहेत आणि शनिवारी नारळ घ्यायचे आहेत. आता कुलूप तोडू, की तो जानेवारीत परतेपर्यंत पदरचे घालू?

दाबोळकर:

तोडू नका, पेटी वाकेल. कुठल्याही चावीवाल्याला घरी बोलवा, दहा मिनिटांचं काम आहे. पण तो उघडताना बिनघरवाल्यांपैकी कोणीतरी समोर उभा ठेवा, नाहीतर तुमच्या उमरावांवर शेतकरी चिडायचे. आणि नारळ या शनिवारी माझ्याकडून. मागच्या अंगणात पडून आहेत, वीस-बावीस तरी निघतील. किती वाजता आणून देऊ?

नगरकरीण_वास्को:

शुक्रवारी रात्री साडेअकराच्या आत. सोललेले असतील तर बरं.